देवळालीचा ताप

इंग्रजी बोलीत ‘डुलॅली’ असा एक शब्द आहे. एखादा मनुष्य विक्षिप्तपणे वागू लागला, त्याचे डोके ठिकाणावर नाही असे वाटू लागले, म्हणजे तो ‘डुलॅली’ झाला असे म्हणण्याचा इंग्लंडात प्रघात आहे. गंभीर ग्रंथांत हा शब्द क्वचितच आढळतो. कोशकार त्याच्यापुढे ‘अनौपचारिक’ असा शेरा मारतात. घरगुती थट्टेत आणि मित्रमंडळींच्या गप्पांत मात्र तो सर्रास ऐकू येतो. तो उच्चारणाऱ्या कित्येकांना हे ठाऊकही नसते, की आपण नाशिकजवळच्या एका गावाचे नाव घेत आहोत. हे गाव म्हणजे देवळाली होय.

१८५८ साली हिंदुस्थानचा कारभार इंग्लंडच्या राणीकडे गेला आणि येथील गोऱ्या फौजेची संख्या वाढविण्यात आली. १८६५ मध्ये थळ घाटातून आगगाडी सुरू झाल्यावर मुंबई बंदर आणि घाटमाथा यांमधील दळणवळण सुलभ झाले. समुद्रसपाटीपासून सुमारे १८०० फूट उंचीवरील देवळालीची हवा मुंबईपेक्षा कोरडी व थंड. त्यामुळे विलायतेहून आलेल्या आणि मुदत संपवून परत जाणाऱ्या सैनिकांची छावणी तेथे वसली.

फौजेची वाहतूक करणारी जहाजे साधारणपणे ऑक्टोबर ते मार्च एवढ्याच काळात चालत. मुदत संपूनही जहाज चुकले, तर शिपायास पुढील हंगामाची वाट पाहत बसावे लागे. फ्रँक रिचर्ड्स या ब्रिटिश सैनिकाने १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या आठवणींत या छावणीची हकीकत सांगितली आहे. परतणाऱ्या शिपायांजवळ शस्त्रे नसत. अधूनमधून कूच करण्यापलीकडे त्यांना काम नसे. रिकामा वेळ खावयास उठे. वर्षानुवर्षे चोख चाकरी केलेले शिपायी अशा दिवसांत गुन्हे करून तुरुंगात गेले. कित्येक रोगांनी रुग्णालयात पडले. या कंटाळ्यातून होणाऱ्या चमत्कारिक वर्तनामुळेच हा वाक्प्रचार रूढ झाला असावा, असा त्यांचा तर्क आहे.

मूळचा वाक्प्रचार ‘डुलॅली टॅप’ असा होता. यातील ‘टॅप’ म्हणजे आपला ‘ताप’च. गोऱ्या शिपायास हिवतापाचा परिचय चांगलाच होता. ज्वर डोक्यात शिरला म्हणजे मनुष्य बरळतो, हेही त्याने पाहिले होते. म्हणून मनाच्या भ्रमासही त्याने तापाचेच नाव दिले. पुढे ‘टॅप’ गळून पडला, आणि गावाचे नाव तेवढे विशेषण होऊन राहिले.

हिंदुस्थानी शब्द शिपायांच्या पडशीतून विलायतेस गेल्याची उदाहरणे आणखीही आहेत. ‘देखो’चे ‘डेको’ झाले; ‘विलायती’चे ‘ब्लायटी’ झाले, आणि पहिल्या महायुद्धातील खंदकांत ब्लायटी म्हणजे मायदेश असा त्याचा अर्थ दृढ झाला. या शब्दांत कुतूहल आहे, घरची ओढ आहे. ‘डुलॅली’त मात्र, घर जवळ आले असूनही गाठता येत नाही, अशा माणसाची तगमग आहे.

साम्राज्याच्या इतिहासात सेनापतींची चरित्रे विस्ताराने लिहिली गेली. या सामान्य शिपायाच्या मनोव्यथेस स्वतंत्र प्रकरण क्वचितच मिळाले. मानसिक आजाराकडे सहानुभूतीने पाहण्याची दृष्टी त्या काळी फारशी नव्हती. सोबत्यांनी हसून दिलेले नाव हीच त्याच्या दुःखाची नोंद ठरली. देवळालीचा त्यात काही दोष नव्हता. तिची हवा आजही आरोग्यदायक मानली जाते, आणि तेथे आता भारतीय तोफखान्याचे शिक्षणकेंद्र आहे. वाट पाहावयास लावण्याचा नियम सरकारचा होता. नाव मात्र गावाचे झाले.