विज्ञान-भयकथा म्हणजे काय?

विज्ञानकथेत अद्भुत घटनेला कारण मिळते. भयकथेत ते बहुधा हाती लागत नाही. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी मराठीत दोन्ही प्रकार लिहिले आणि अनेक कथांत ते एकत्रही केले. त्यांच्याकडे अमानवी शक्ती कधी दुसऱ्या मितीतून येतात. कारण कळते, पण भीती वाढते, कारण ती वाट पुन्हा उघडू शकते.

या शक्तींशी लढणारा त्यांचा नायक ‘समर्थ’. ‘समर्थांचिया सेवका’ हे पुस्तकाचे नाव रामदासांच्या मनाच्या श्लोकांची आठवण देते. रामदासांनी ‘दासबोध’ महाड तालुक्यातील शिवथरघळीत सांगितला, असे मानले जाते. संकटाला विज्ञानाचे कारण आणि सुटकेला श्रद्धेचा आधार, ही समर्थकथांची खूण आहे.