बिबा उततो तेव्हा

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातल्या बिब्याचा चीक अंगाला लागला की कातडी काळवंडते, फोड येतात, खाज झोपू देत नाही. मराठीत याला ‘बिबा उतणे’ म्हणतात. दूध उततं, तेच हे क्रियापद. संस्कृतातलं नाव भल्लातक, त्यातूनच हिंदीतला भिलावा. शास्त्रीय नाव सेमेकार्पस म्हणजे ‘खुणेचं फळ’, कारण धोबी कपड्यांवर याच रसाने खुणा करीत. दुसऱ्याच्या कामात बिब्बा घालणारे मात्र खूण सोडत नाहीत!

आता उतल्यावर माणूस औषधाच्या दुकानात जाऊन अँटीहिस्टामिनची गोळी मागतो. यातला ग्रीक ‘हिस्टोस’ म्हणजे माग किंवा मागावर विणलेलं कापड. त्यावरून शरीरातली ऊती. आपल्या परिभाषाकारांचा ‘ऊती’ हा शब्दही विणण्याच्याच संस्कृत धातूपासूनचा, ‘ओतप्रोत’मधला ‘ओत’ त्याचाच भाऊबंद. शब्दाचा दुसरा भाग ‘अमाइन’ आला अमोनियातून, आणि अमोनिया थेट इजिप्तच्या आमोन देवाच्या नावावरून.

डॅनिएल बोव्हे यांना 1957 साली नोबेल मिळालं, त्यामागे अँटीहिस्टामिन औषधांचंही काम होतं. अंगावर उठणारं पित्त, शिंका यांवर ती चालतात. बिब्याचं उतणं मात्र मुख्यतः पांढऱ्या पेशींच्या उशिरा जागणाऱ्या प्रतिक्रियेचं, हिस्टामिन या शरीरातल्या रसायनाचं नव्हे. त्यामुळे गोळीने फोड बसत नाहीत. जुन्या जातीच्या गोळीने गुंगी येते, तेवढीच रात्र निभते. चीक लागल्या लागल्या साबणाने धुणं अधिक कामाचं.