काळी मोजली, पांढरी राहिली

कांदिवलीत राहत असाल तर घराच्या ॲग्रीमेंटच्या शेवटी जागेचं वर्णन असतं ते एकदा वाचा. बिल्डरनं इमारतीला काहीही नाव दिलेलं असो, तिथे लिहिलेलं असतं ‘मौजे आकुर्ली’, ‘मौजे पोईसर’ किंवा ‘मौजे कांदिवली’, तालुका बोरिवली, आणि पुढे सि.टी.एस. नंबर. मौजे म्हणजे गाव. (ठाकूर व्हिलेज नव्हे. त्या व्हिलेजमध्ये टॉवर आहेत.) शेत गेलं, बांध गेले, १९५७ मध्ये हा सगळा पट्टा बृहन्मुंबईत आला, तरी जमिनीची ओळख आजही गावाच्याच नावानं सांगावी लागते.

माझं संशोधन आहे गावांच्या नकाशांवर. हल्ली ‘गावाच्या विकासासाठी ड्रोन’, ‘उपग्रहाच्या मदतीनं नियोजन’ असं बरंच वाचायला मिळतं. विकासासाठी नकाशा ही कल्पना नवी आहे असं त्यावरून वाटतं, पण ती नवी नाही. आपल्याकडे याची सुरुवात साखळीनं झाली.

पेशवाई गेल्यावर इंग्रजांना दख्खनच्या शेतसाऱ्याची घडी बसवायची होती. १८२० च्या दशकात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं पुस्तकी हिशेब मांडला: शेतातून खर्च वजा जाता जे उरतं त्याच्या ५५ टक्के सरकारला. कागदावर सुंदर. प्रत्यक्षात मोजणी कच्ची, कारकुनांची चिरीमिरी वेगळी आणि आकारणी इतकी जड की लोकांनी जमिनी टाकून दिल्या. मग १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापूर तालुक्यात पुन्हा काम हाती घेतलं. त्यांनी नफ्याचा हिशेब सोडून दिला. शेत मोजा, मातीचा पोत आणि खोली बघून प्रत आण्यांत ठरवा, आणि आकार तीस वर्षं बदलू नका, एवढंच. शेतकऱ्याला पुढच्या सालाची खात्री मिळाली आणि पडीक जमीन पुन्हा वहितीला आली. १८४७ च्या संयुक्त अहवालात ही पद्धत पक्की झाली आणि मुंबई इलाखाभर गेली.

मोजायचं साधन होतं शंकू साखळी. लांबी ३३ फूट, भाग सोळा, म्हणजे सोळा आणे. साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. ३३ गुणिले ३३ गुणिले ४० करून बघा, बरोबर ४३,५६० चौरस फूट येतात. प्रत्येक सर्व्हे नंबरचं हातानं काढलेलं टिपण, त्यावरून गाव नकाशा. भूमी अभिलेख कार्यालयात आजही बांधाचं भांडण आलं की ही जुनी टिपणं बाहेर काढतात.

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. गोल्डस्मिड-विंगेटच्या मोजणीनं काळीचा इंच न् इंच कागदावर आणला. पांढरी मात्र तशीच सोडली. शेतसारा पिकातून येतो, अंगणातून नाही, त्यामुळे तिथे साखळी फिरवायला सरकारला कारण नव्हतं. जुना गाव नकाशा बघा: भोवती नंबर घातलेली शेतंच शेतं, आणि मध्ये एक ठिपका, त्यावर लिहिलंय ‘गावठाण’. माणसं राहतात तोच भाग कोरा.

हा कोरेपणा दीडशेहून जास्त वर्षं टिकला. पुढे मोठ्या वस्तीच्या काही गावांत नगर भूमापन झालं, पण बहुतेक गावठाणात घराचा कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८. तो घरपट्टीच्या आकारणीचा उतारा, मालकीचा पुरावा नव्हे. शेताला सातबारा आहे, घराला काहीच नाही. त्यामुळे घर तारण ठेवायला गेलं की बँक मान हलवायची, आणि गल्लीचं अतिक्रमण सिद्ध करायला पंचायतीच्या हातात नकाशाच नसायचा.

ड्रोन आला तो इथे. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत, मल्हारगडाच्या पायथ्याशी, भारतीय सर्वेक्षण विभाग आणि राज्याच्या भूमी अभिलेख विभागानं ड्रोननं गावठाण मोजून बघितलं. त्यातून राज्याचा गावठाण जमाबंदी प्रकल्प उभा राहिला आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्रानं स्वामित्व योजना देशभर जाहीर केली. काम कसं चालतं ते गमतीशीर आहे. आधी गावात दवंडी, ग्रामसभा. मग लोक आपापल्या मिळकतीच्या हद्दीवर चुन्याची रेघ मारतात, कारण वरून कॅमेऱ्याला छप्पर दिसतं, हद्द दिसत नाही. ड्रोन उडतो, फोटो जोडून नकाशा तयार होतो, तो घेऊन माणसं पुन्हा घरोघरी फिरतात. त्यानंतर चौकशी: कोण हक्कदार, कुणाची हरकत. शेवटी सनद आणि मिळकत पत्रिका.

उड्डाण काही मिनिटांचं असतं. खरं काम चुन्याच्या आणि चौकशीच्या दिवशी होतं. आणि बातम्यांत फोटो मात्र ड्रोनचाच!

कांदिवलीकरांनी इथे कान टवकारावेत. आपल्यापैकी किती जणांचं गावी सामाईक घर आहे? चार भाऊ, दोन मुंबईत, एक पुण्यात, एक गावी. लग्न होऊन गेलेल्या बहिणी वेगळ्याच. चुन्याची रेघ मारायला हजर कोण, तर जो गावी आहे तो. त्याच्या मनात खोट असेलच असं नाही, पण चौकशीत आपलं नाव सांगायला आपण नसलो तर ते आपोआप कुणी लिहीत नाही. नमुना ८ वर आजोबांचं नाव असेल तर वारसांचा प्रश्न तिथेच उभा राहतो, आणि बायकांची नावं गळायची जुनी सवय नव्या कागदातही उतरू शकते. तोंडी समजुतीवर चाललेली वापराची वाट, सामाईक आड, परसातली मोरी, यांना ड्रोन ओळखत नाही. कुणी तरी सांगावं लागतं.

कोकणातल्या मंडळींची गोष्ट आणखी निराळी. देशावर घरं एकत्र, भोवती शेत. कोकणात वाड्या विखुरलेल्या, घर स्वतःच्याच ठिकाणात, सातबाऱ्याच्या जमिनीत. बऱ्याच गावांना नकाशावर गावठाणच नाही. ‘गावठाण’ हा शब्द धरून आखलेली योजना अशा वाडीत कशी बसवायची, हा प्रश्न तंत्राचा नाही. इंदापूरच्या माळावर ठरलेला गावाचा साचा अजून चालू आहे, त्यातून तो आला आहे.

जंगलातल्या गावांचा अनुभव इथे ताडून बघण्यासारखा आहे. वन हक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ पूर्वीची वहिवाट दाखवावी लागते. आदिवासी शेतकऱ्याकडे कागद कुठला? तिथे त्या काळातलं उपग्रहाचं चित्र कामी आलं: या डोंगरउतारावर तेव्हाही शेत होतं. पण तेच चित्र उलटंही वापरता येतं, ‘चित्रात शेत दिसत नाही, दावा नामंजूर’. म्हणून २०१२ च्या सुधारित नियमांत लिहिलं गेलं की उपग्रहचित्रं इतर पुराव्यांना जोड म्हणून घ्यायची, त्यांच्या जागी नाही. गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा जबाब हाही पुरावाच. मला हे वाक्य नकाशांच्या इतिहासातलं फार मोलाचं वाटतं.

पुढची पोस्ट नमुना ८ च्या इतिहासावर. तोवर एक विनंती: तुमच्या गावी ड्रोन येऊन गेला असेल आणि सनद मिळाली असेल, तर तीवर कुणाकुणाची नावं आली ते खाली लिहा (नावं नकोत, नाती पुरे). आणि मोजणी अजून व्हायची असेल तर ग्रामपंचायतीत फोन करून तारीख विचारून ठेवा, त्या दिवसाची रजा टाका.