आरोपीला कळणाऱ्या भाषेत

पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. हा नियम १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आला आणि १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम २५ म्हणून कायम झाला. सरकारी वसुलीसाठी आणि कबुलीसाठी माणसांचा सर्रास छळ होतो, असे मद्रास इलाख्यात नेमलेल्या आयोगाने १८५५ मध्ये नोंदवले होते. पोलिसांवरचा हा अविश्वास कायद्यात उतरला.

त्याच कायद्याच्या कलम २७ ने मात्र एक दार उघडे ठेवले. कोठडीतला आरोपी दोन पंचांसमोर म्हणतो, "चाकू लपवलेली जागा दाखवतो." हे वाक्य मेमोरँडम पंचनाम्यात उतरते, पंचांच्या सह्या होतात आणि सगळे गाडीत बसून त्या जागी जातात. चाकू निघाला, तर जागा दाखवण्यापुरते वाक्य पुराव्यात येते. "खून मी केला" हे शब्द त्याला जोडून आले असले तरी गाळावे लागतात. कोठडीत माणसाला बोलते करण्याचा मोह टिकून राहिला, त्याचे मोठे कारण हे कलम आहे. २०२३ च्या नव्या साक्ष अधिनियमातही ते कलम २३ मध्ये कायम आहे.

राज्यघटनेने १९५० मध्ये या नियमांना मूलभूत हक्कांची जोड दिली. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही, अटकेची कारणे सांगितलीच पाहिजेत, वकील गाठता आला पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर केले पाहिजे. बोटांचे ठसे आणि हस्ताक्षराचा नमुना देणे म्हणजे साक्ष नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये मुंबई राज्याच्याच काठी कालू ओघड खटल्यात ठरवले.

पण हक्क सांगायचा कोणत्या भाषेत? हा प्रश्नही महाराष्ट्रातूनच वर गेला. प्रतिबंधक स्थानबद्धतेतल्या हरिकिसन यांना कारणे इंग्रजीत दिली गेली. इंग्रजी येत नसल्याने त्यांनी हिंदी भाषांतर मागितले. सरकारने इंग्रजी ही राजभाषा असल्याचे सांगून ते नाकारले. माणसाला न समजणारी कारणे ही दिलेली कारणे नव्हेत, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये त्यांची सुटका केली.

पोलीस ठाण्याच्या भिंतीपर्यंत हा विचार पोचायला आणखी २१ वर्षे गेली. पत्रकार शीला बारसे यांनी मे १९८२ मध्ये मुंबई मध्यवर्ती कारागृहात १५ स्त्री कैद्यांच्या मुलाखती घेतल्या; त्यांतील पाच जणींनी कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांचे पत्र सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून दाखल करून घेतले आणि निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालकांना कारागृहात जाऊन खरे-खोटे पाहण्यास सांगितले. १५ फेब्रुवारी १९८३ रोजी न्या. पी. एन. भगवती यांच्या पीठाने आदेश दिले. स्त्रियांची चौकशी स्त्री पोलिसांच्या हजेरीतच व्हावी. अटकेची खबर विधी साहाय्य समितीला लगेच जावी. छळ झाला का, हे न्यायदंडाधिकाऱ्याने स्वतः विचारावे. आणि हक्कांचे पत्रक मराठी, हिंदी व इंग्रजीत छापून त्याची मराठी प्रत प्रत्येक कोठडीत लावावी. आणलेल्या माणसाला ते त्याला समजणाऱ्या भाषेत वाचून दाखवावे. अक्षरओळख नसलेल्या माणसाचा विचार त्या एका ओळीत होता, म्हणून या निकालाचे मोल मोठे.

पुढे १९९६ च्या डी. के. बसू निकालाने अटकपत्रावर साक्षीदाराची सही आणि नातेवाइकांना खबर बंधनकारक केली. सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करण्यावरच्या बंधनाची चर्चा नागपुरातील एका कोठडी-मृत्यूच्या खटल्यातून सुरू झाली. २००५ च्या दुरुस्तीने ते बंधन संहितेत आले.

याच काळात उलट्या दिशेचे पाऊलही पडले. १९९९ च्या मकोका या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याने अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुली ग्राह्य मानली. ११ जुलै २००६ च्या मुंबईतील लोकल गाड्यांमधल्या बाँबस्फोटांत १८० हून अधिक माणसे गेली. २०१५ मध्ये मकोकाच्या विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी धरले. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने छळाचा आक्षेप मान्य करून कबुलीजबाब अविश्वसनीय ठरवले आणि सर्वांना निर्दोष सोडले. हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने तीन दिवसांत दिला. सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात धाडले नाही. मेलेल्यांच्या घरच्यांना एकोणीस वर्षांनंतरही उत्तर मिळाले नाही, आणि मारून मिळवलेली कबुली किती महाग पडते हे यातून दिसते.

अमेरिकेत १९६६ च्या मिरांडा निकालापासून चौकशीआधीच हक्क सांगावे लागतात. भारतात मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यातील कसाबच्या खटल्यात (२०१२) सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत जशीच्या तशी घेतली नाही. पहिल्या हजेरीलाच मोफत वकिलाचा हक्क सांगण्याची जबाबदारी न्यायदंडाधिकाऱ्यावर टाकली. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येते, पूर्ण वेळ शेजारी बसवता येत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईतील वरळीच्या एका अपघात प्रकरणातून आलेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अटकेची कारणे लेखी, आरोपीला कळणाऱ्या भाषेत आणि रिमांडच्या किमान दोन तास आधी देणे सर्व गुन्ह्यांना लागू केले.

घरातल्या कोणाला पोलिसांनी नेले, तर ही कारणे मराठीत, किंवा त्याला कळत असेल त्या भाषेत, लेखी मागावीत. मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक १५१०० आहे.