चार कड्यांवरचं रान

गणपतीला आठवडा उरला की आमच्या रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्यातल्या घरी माळ्यावरून एक लाकडी चौकट खाली उतरते. वर्षभराची धूळ ओल्या फडक्याने पुसायची, खोबरेल तेलाचा हात फिरवायचा, आडव्या पट्ट्या ढिल्या झाल्या नाहीत ना ते बघायचं. दिसायला ती अगदी साधी आहे. चार बाजू, मध्ये जाळीसारख्या पट्ट्या, चार कोपऱ्यांना चार दोर. गणपती जिथे बसतो त्याच्या बरोबर वर ती टांगायची आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी तिला रान बांधायचं : आंब्याचे टाळे, नारळ, सुपारीचे घोस, कवंडळं, शेरवड, तेरडा, चिबूड, तवसं. हिला आम्ही मंडपी म्हणतो.

हल्ली घर सजवण्याच्या वर्गांतून फुलांच्या रचनेचे नियम शिकवतात आणि तेच नियम खोलीला लावायला सांगतात. तोल, प्रमाण, लय, रंगांचा मेळ, नजर ठरण्याची जागा, मोकळी सोडलेली जागा. हे सगळं मी पहिल्यांदा शिकले ते मंडपीखाली उभी राहून, आजोबांच्या हातात एकेक वस्तू देताना. त्या गोष्टींना नावं असतात हे तेव्हा ठाऊक नव्हतं. म्हणून या चौकटीचं कूळ शोधावंसं वाटलं.

सुरुवात नावापासून करू. संस्कृतातला मंडप मराठीत मांडव झाला. मराठीला एक जुनी सवय आहे : मोठ्या वस्तूचं लहान रूप करायचं असेल तर तिला स्त्रीलिंगी करायचं. लोटा आणि लोटी, सुरा आणि सुरी, दोर आणि दोरी. तशीच मंडपाची मंडपी. राजापूर ओलांडून सिंधुदुर्गात गेलं की हीच माटवी होते, आणि गोव्यात माटोळी. कोकणीत मांडवाला माटव म्हणतात, तेव्हा माटवी म्हणजेही लहानसा मांडवच. नावं बदलली तरी अर्थ बदललेला नाही : देवाच्या डोक्यावर धरलेला छोटा मांडव.

पण घराच्या आत मांडव कशाला? कोकणातल्या घराचं वर्ष डोळ्यांसमोर आणलं की उत्तर सुचतं. दिवाळीनंतर घरापुढचं खळं सारवून त्यावर मांडव घातला जातो. भात, सुपाऱ्या, आमसुलं, लग्नकार्य, पाहुणेरावळे, सगळं त्याच्या सावलीत होतं. मिरग जवळ आला की मांडव उतरतो. भाद्रपदात गणपती येतो तेव्हा बाहेर पाऊस कोसळत असतो आणि खळ्यावर मांडव नसतो. पाहुणा तर वर्षातला सगळ्यात मोठा. मला वाटतं, म्हणून मांडव घरात आला, लहान झाला आणि छताला टांगला गेला. याचा कागदोपत्री पुरावा माझ्यापाशी नाही. पण खळ्यातला मांडव आणि घरातली मंडपी एकमेकांच्या जागी उभी राहतात, हे दरवर्षी दिसतं.

फुलांनी घर सजवणं ही आपल्याकडे कला म्हणून फार आधीपासून मोजली गेली आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रातल्या चौसष्ट कलांच्या यादीत माळा गुंफण्याचे प्रकार आहेत, तांदूळ आणि फुलांनी आकृत्या मांडणं आहे, आणि पुष्पास्तरण, म्हणजे फुलांची पसरण, ही वेगळी कला आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने मानसोल्लास लिहिला. त्यात राजाच्या उपभोगांमध्ये घर आहे, धूप आहे, वस्त्र आहे आणि फुलांच्या माळाही आहेत. ती राजवाड्यातली हौस होती. मंडपी मात्र कुळवाड्याच्या घरात वाढली. तिला माळी लागत नाही, पैसेही फारसे लागत नाहीत. बांध, परसू, कातळाचा सडा आणि वहाळाची कड एवढी तिची बाजारपेठ.

मंडपीला भावंडंही आहेत. विदर्भात महालक्ष्म्यांच्या डोक्यावर फुलोरा टांगतात. देशावर नवरात्रात घटावर कडाकण्या बांधतात, त्यालाही फुलोराच म्हणतात. फूल या शब्दातून आलेल्या त्या फुलोऱ्यात आता तळलेल्या पुऱ्या आणि करंज्या लटकतात, पण देवीच्या माथ्यावर काहीतरी लोंबतं ठेवायचं ही कल्पना तीच. आमच्याकडे नवरात्रात दाराला नवं बांधतात : भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, कुरडू, आंब्याचं पान. एका मुठीत मावणारी ती रचना मंडपीची धाकटी बहीण शोभते.

आता बांधणी. रत्नागिरीच्या बाजारात गणपतीच्या आधी आजूबाजूच्या गावांतल्या बायका मंडपीचं सामान घेऊन बसतात. आमच्या घरचा दंडक मात्र असा की निम्मं तरी आपल्या पायांनी आणायचं. सडा तेव्हा ओळखू येत नाही. उन्हाळ्यात तव्यासारखा तापलेला काळा कातळ श्रावण-भाद्रपदात फुलांनी भरतो. तेरडा गुलाबी, सोनकी पिवळी, पाणथळ जागी सीतेची आसवं निळी-जांभळी. कडेच्या झुडपांवर कळलावीच्या लाल-पिवळ्या ज्वाळा. यातलं थोडंच तोडायचं आणि मूळ उपटायचं नाही, हे आजोबा निघतानाच बजावायचे.

बांधायला सुतळी चालते, पण जुना दोर केवणीच्या सालीचा. केवण म्हणजे जिला मुरडशेंग लागते तेच झाड. तिची साल ओली असताना हवी तशी वळते आणि सुकली की गाठ आवळून धरते. नारळांना तर दोरही लागत नाही. दोन नारळांच्या सोडणाची एकेक पट्टी अर्धवट सोलून वर ओढायची आणि दोन्ही पट्ट्यांची एकमेकींना गाठ मारायची. जोडी तयार झाली की चौकटीच्या पट्टीवर टाकायची, एक इकडे, एक तिकडे. स्वतःच्या वजनानेच ती तोल धरते.

जड वस्तू आधी बांधायच्या आणि समोरासमोर बांधायच्या. एका कोपऱ्यात केळ्यांची फणी आली तर समोरच्या कोपऱ्यात तेवढाच भार हवा, नाहीतर चौकट एका अंगाला झुकते. तोल म्हणजे काय हे मंडपी डोळ्यांच्या आधी दोराला विचारते. मग पडवळ आणि शिराळी. त्या उभ्या रेघा नजरेला वरून खाली गणपतीपर्यंत आणतात. मधोमध मूर्तीच्या बरोबर वर काही लोंबू द्यायचं नाही. त्याने मुकुटाला धक्का लागत नाही, आणि ती मोकळी जागाच नजरेला मूर्तीवर थांबवते. मध्ये मध्ये आंब्याचे हिरवे टाळे भरायचे आणि शेवटी रंग.

या रंगांनीच मला खात्री पटली की मंडपी ही विचारपूर्वक केलेली रचना आहे. कवंडळाचं फळ पिकलं की लालबुंद होतं, पण ते कडूजहर असतं, कोणी खात नाही. कळलावीचा कंद विषारी. मंडपीवर फक्त नैवेद्याची फळं टांगायची असती, तर या दोघांना जागाच नव्हती. त्यांना रंगासाठी बोलावलं आहे. शेरवडीचंही तसंच. तिचं खरं फूल नारिंगी आणि इवलंसं असतं; शोभा असते ती त्याच्याशेजारच्या मोठ्या पांढऱ्या पानासारख्या दलाची. जुन्या घरांची माजघरं पावसाळ्यात काळोखी असत. खिडक्या लहान, बाहेर ढग, आत समईचा उजेड. त्या उजेडात पांढरं आणि लाल एवढंच दुरून उठून दिसतं. शेरवड आणि कवंडळ शेजारी शेजारी बांधणाऱ्या माणसाने आपल्या खोलीतला उजेड बरोबर ओळखला होता.

सगळं बांधून झालं की आजोबा स्टुलावरून उतरायचे, उंबऱ्यापाशी जाऊन उभे राहायचे आणि मला म्हणायचे, “बाय, वाईच मागं हो नि बघ. काय जास्त झालंय?” काय कमी पडलंय, असं त्यांनी कधी विचारल्याचं आठवत नाही. मी बोट दाखवलेली वस्तू ते मुकाट्याने सोडवायचे. सोडवलेला तेरडा वाया जात नसे. गौरी आल्या की आमच्याकडे गौर तेरड्याचीच उभी राहते. तेरड्याचा रंग तीन दिवस, ही म्हण त्या फुलाला नावं ठेवायला वापरतात. आमच्या घरात ती हिशेबाची गोष्ट होती : तीन दिवस टिकणारं फूल शेवटी बांधा, दहा दिवस टिकणारं फळ आधी बांधा, केळी आणि सुपारी हिरवीच घ्या.

देवापुढची फुलं घराची कला होतात, असं इतरत्रही घडलं आहे. जपानमध्ये क्योतोच्या रोक्काकुदो देवळातले पुजारी बुद्धापुढे फुलं ठेवत. त्यांच्यातल्या इकेनोबो सेंकेई याची फुलं बघायला लोक लोटले, अशी नोंद १४६२ सालची आहे. पुढे ती रचना घरातल्या तोकोनोमा नावाच्या कोनाड्यात आली आणि इकेबाना म्हणून जगभर शिकली जाऊ लागली. विसाव्या शतकात लंडनमध्ये कॉन्स्टन्स स्प्राय या बाईंनी महागड्या फुलांच्या जोडीला भाजीची पानं आणि कुंपणावरचं रानटी झुडूप मांडायला सुरुवात केली, तेव्हा ते धाडस वाटलं. १९५३ साली राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाच्या फुलांचं काम त्यांच्याकडे होतं. पडवळ, शिराळं आणि रानफळ फुलाच्या मानाने टांगणाऱ्या आमच्या आजोबांना त्यांचं म्हणणं पहिल्या वाक्यातच कळलं असतं.

मधल्या काळात मंडपीला वाईट दिवस आले. थर्मोकोलची मखरं आली, त्यांवर चमकीचे कागद आले, प्लास्टिकची फळं तर मंडपीसाठीच मिळू लागली. काही घरांतून चौकट जळणात गेली. २०१८ च्या मार्चमध्ये राज्य सरकारने प्लास्टिकबरोबर थर्मोकोलवरही बंदी आणली आणि बऱ्याच घरांनी पुन्हा माळ्याकडे पाहिलं. गोव्यात सरकारचं कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीच्या स्पर्धा घेतं, तिथे जाणकार शेकडो प्रकारची पानंफळं ओळखून आणतात. आमच्याकडे तेवढं नाही. मिरजोळ्याच्या सड्यावर एमआयडीसी आहे, विमानतळ आहे, नवी घरं आहेत. गावाला त्यांची गरजही आहे. पण कातळ फोडला की कातळावरचं फूल पुन्हा तिथे उगवत नाही. मंडपी टिकवायची तर सड्याचा एखादा तुकडा, वहाळाची एखादी कड आणि शेरवडीचं एखादं झुडूप राखावंच लागेल. चौकट सुतार नवी करून देईल, रान कुणी करून देणार नाही.

गेल्या वर्षी आमच्या वाडीत एक नवं घर बांधायला घेतलं. बैठकीची खोली कशी सजवायची हे विचारायला घरच्यांनी मला तिथे बोलावलं. पडदे, दिवे, रंग यांवर बोलणं झालं. मी सांगितलं, खोलीत शिरल्यावर नजर आधी कुठे जाते ते पाहा, तिथे एकच गोष्ट ठेवा, जड सामान समोरासमोर तोलून मांडा, एखादी उभी रेघ असू द्या, आणि सगळं झाल्यावर दारात उभं राहून जास्त काय झालंय ते बघा. हे सगळं आजोबांचंच होतं.

निघताना एक गोष्ट मात्र मी आधी करून घेतली. स्लॅब अजून पडायचा होता. गवंड्याला बोलावून, गणपती बसायचा तो कोपरा दाखवून सांगितलं : इथे लोखंडाला चार कड्या बांध, मग सिमेंट ओत.