‘रोद्रिगो’ : एका नावाचा प्रवास

अंबाजोगाईच्या मुकुंदराजांच्या नावातील ‘राज’ हे उत्तरपद आणि वसईच्या ख्रिस्ती घराण्यांतील ‘रॉड्रिग्ज’ या आडनावातील मधला अंश ही दोन्ही एकाच मूळ शब्दाची रूपे आहेत, असे म्हटले तर प्रथमदर्शनी ते विपरीत वाटेल. परंतु व्युत्पत्ती तसे दाखविते.

‘रॉड्रिग्ज’ म्हणजे ‘रोद्रिगोचा पुत्र’. आपल्याकडे पित्याचे नाव मधल्या नावाने येते. पोर्तुगीज भाषेत तेच कार्य अंत्य प्रत्ययाने होत असे. ‘रोद्रिगो’चे मूळ जर्मानिक रूप ‘ह्रोथिरीकझ’ असे कल्पिले जाते. त्याचे पूर्वपद कीर्तिवाचक असून उत्तरपद ‘रीक’ म्हणजे अधिपती. हे उत्तरपद जर्मानिक भाषांनी केल्टिक भाषांकडून घेतले; लॅटिन ‘रेक्स’ व संस्कृत ‘राजन्’ हे त्याचेच सगोत्र होत. अर्थाने पाहता हे नाव आपल्या ‘कीर्तिराज’सारखे आहे. ‘रोदेरीकुस’ या लॅटिन रूपातील मधला स्वर लोपला व स्वरमध्य ‘क’चा ‘ग’ झाला. अघोष व्यंजन घोष होण्याची ही प्रवृत्ती शौरसेनीच्या अभ्यासकास अपरिचित नाही. तेथे ‘त’चा ‘द’ होतो.

या नावाचे ऐतिहासिक धारकही विविध आहेत. स्पेनमधील गॉथ राजा रोदेरिक 711 मध्ये तारिक इब्न झियादच्या सैन्याकडून पराभूत झाला. राज्य लयास गेले, नाव मात्र उरले. 1094 मध्ये व्हॅलेन्सिया जिंकणारा कास्तीलचा वीर रोद्रिगो दियाझ ‘सिद’ या उपाधीने ओळखला जातो. ही उपाधी अरबी ‘सय्यद’पासून आली आहे. उत्तरेकडे हेच नाव ‘रुरिक’ झाले. रशियन बखरीनुसार त्या नावाचा सरदार 862 मध्ये तेथे सत्तेवर आला.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने 1534 मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली आणि 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोन शतकांत धर्मांतरित स्थानिक कुटुंबांत बाप्तिस्म्याच्या निमित्ताने पोर्तुगीज आडनावे रुजली. पोर्तुगीज सत्ता गेली. आडनावे राहिली, आणि घरातील सामवेदीसारखी बोलीही राहिली. अशा आडनावावरून त्या कुटुंबांस परके ठरविणारी बोलणी कधी कधी कानी पडतात. त्यामागील अनुमान सदोष आहे. नाव हा संपर्काचा पुरावा असतो. तो वंशाचा पुरावा असतोच असे नाही. कास्तीलचा रोद्रिगो गॉथ होता असे त्याच्या नावावरून सिद्ध होत नाही. मग वसईचा रॉड्रिग्ज पोर्तुगीज होता असे तरी कसे सिद्ध होईल?

नामाभ्यासकाने म्हणून दोन प्रश्न सदैव वेगळे ठेवावेत : शब्द कोठून आला, आणि माणूस कोठला. पहिल्याचे उत्तर ध्वनिनियम देतात; दुसऱ्यासाठी दप्तरे, बोली आणि स्थानिक इतिहास यांकडेच वळले पाहिजे.