स्वयंकेंद्री चक

लेथच्या स्पिंडलवर बसवून जॉब पकडण्याचे साधन. एकाच जागी चावी फिरवली की याचे सगळे जॉ सारख्याच अंतराने सरकतात आणि जॉब आपोआप मध्यावर येतो. तीन जॉंचा प्रकार सर्वाधिक वापरात आहे. चकच्या पोटातील तबकडीच्या एका अंगावर सर्पिल आटा आणि दुसऱ्या अंगावर तिरपे दाते असतात. चावीने पिनियन फिरते, पिनियनने तबकडी फिरते आणि आट्यात अडकलेले जॉ सरकतात. अमेरिकेतील सायमन फेअरमन यांना अशा चकचे पेटंट १८४० मध्ये मिळाले. जॉंवर १, २, ३ असे आकडे ठोकलेले असतात. त्या क्रमाने ते बसवले नाहीत, तर मध्यावर एकत्र येतच नाहीत.

गोल आणि षटकोनी सळई या चकमध्ये झटपट धरता येते. चौकोनी सळईला चार जॉंचा स्वयंकेंद्री चक लागतो. रिंग आतून ताणून धरता येते. मोठ्या व्यासाच्या चकत्यांसाठी उलट्या पायऱ्यांचे जॉ लावतात. मिलिंगवर डिव्हायडिंग हेडलाही हाच चक बसतो. वेड्यावाकड्या ओतीव जॉबसाठी किंवा मुद्दाम मध्य सोडून काम करायचे असेल, तर प्रत्येक जॉ स्वतंत्र सरकणारा चारजॉ चकच घ्यावा.

नाव स्वयंकेंद्री असले तरी याचा खरा गुण वेग आहे, अचूकता नव्हे. चांगल्या चकमध्येही जॉब मिलिमीटरच्या काही शतांशांनी आउट फिरतो. आटा झिजला की अधिकच. म्हणून एककेंद्री हवे असलेले सगळे व्यास आणि बोअर जॉब न सोडता एकाच सेटिंगमध्ये काढतात. उलटवून धरणे अटळ असेल तेव्हा मऊ जॉ लावतात: जॉंमध्ये एक रिंग आवळायची आणि त्याच ताणाखाली जॉब बसेल त्या मापाला जॉ बोअर करायचे. पातळ नळीला हेच जॉ बरे. कडक जॉंत आवळलेल्या नळीचा बोअर चकमध्ये गोल मोजतो आणि सोडल्यावर तीन ठिकाणी फुगलेला निघतो.

सीएनसी लेथवर जॉ हायड्रॉलिक दाबाने चालतात. फेरे वाढले की जॉ बाहेर ओढले जाऊन बाहेरून धरलेल्या जॉबवरची पकड सैलावते, त्यामुळे चकवर कमाल फेरे कोरलेले असतात. हातचकचा मोठा धोका मात्र चकमध्ये विसरलेली चावी. लेथ सुरू होताच ती भिरकावली जाते. म्हणून काही चाव्यांना स्प्रिंग असते: हात सुटला की चावी आपोआप बाहेर पडते.